ग्लायडर ओढणारे प्रतिकृती-विमान : एक अभ्यास

पुण्यातील हडपसर ग्लायडिंग केंद्रात जमिनीवरील विंचने तार ओढून ग्लायडर आकाशात चढविले जाते. दुसरी पद्धत विमानामागे दोरीने ग्लायडर ओढून नेण्याची आहे. रेडिओ-नियंत्रित मोठ्या प्रतिकृतींतही ती वापरली जाते.

असे विमान बांधताना वेगापेक्षा ओढ महत्त्वाची असते. राहुरी परिसरात उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये ओढतो. त्याच न्यायाने येथे मोठ्या व्यासाचा, कमी पीचचा पंखा बसवितात.

दोरीच्या आकड्याची जागा तितकीच निर्णायक ठरते. ट्रॅक्टरला ओझे फार उंचावर जोडले, तर त्याची पुढची चाके उचलली जातात. विमानात आकडा शेपटीच्या टोकाला असल्यास बाजूला सरकलेला ग्लायडर शेपटीच खेचतो आणि सुकाणू निष्प्रभ होते. म्हणून प्रतिकृतीत आकडा पंखांजवळ, गुरुत्वमध्यापासून फार दूर नसलेल्या भक्कम चौकटीवर बसवितात.

ग्लायडर फार वर गेल्यास विमानाची शेपटी उचलली जाऊन ते कोसळू शकते. अशा वेळी दोरी तत्काळ सोडावी लागते. यास्तव दोन्ही चालकांच्या हाती सुटकेची स्वतंत्र कळ असते. दोरी ताणलेली असतानाही आकडे सुटतात, याची खात्री उड्डाणापूर्वी जमिनीवरच करून घ्यावी.

ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण वा छंदासाठीच्या प्रतिकृतीचे एकूण वजन २५ किलोपर्यंत असावे आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवावी. ओढण्याची शक्ती आणि सोडण्याची खात्री, दोन्ही साधल्या तरच बांधणी पूर्ण झाली असे समजावे.