हाडांचा कोळसा आणि पांढरी साखर : हलालची चौकशी कोठवर?

पवित्र कुरआनने सर्व मानवांना उद्देशून आज्ञा दिली आहे की, पृथ्वीवरील जे हलाल आणि ‘तय्यब’ म्हणजे शुद्ध आहे ते खावे (सूरह अल-बकरा, 168). त्याच ग्रंथाने, आपल्या जिभेने उगाच ‘हे हलाल, हे हराम’ असे ठरवून अल्लाहच्या नावावर खोटे रचू नये, अशी ताकीदही दिली आहे (सूरह अन्-नहल, 116). श्रद्धावंताचा मार्ग या दोन आज्ञांच्या मधून जातो.

गेल्या रमजानमध्ये जुमाच्या नमाजनंतर एका बंधूने मला मोबाइलवरील संदेश दाखविला. ‘पांढरी साखर जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळली जाते, म्हणून ती हराम आहे,’ असे त्यात लिहिले होते. ईदला शिरखुर्मा करावा की नाही, यावर त्यांच्या घरी वाद सुरू होता. प्रश्न गंभीर आहे. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू.

कोळसा कशाचा?

खाद्योद्योगात वापरला जाणारा सक्रिय कार्बन हा विशेष प्रक्रिया केलेला कोळसा होय. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा जाळून त्यावर 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेचा प्रयोग केला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरतो. रंग, वास व नको असलेले पदार्थ या पृष्ठभागाला चिकटून राहतात. शीतपेयांच्या पाण्यातील क्लोरीन काढणे, फळांचा रस व द्रवरूप ग्लुकोज स्वच्छ करणे, खाद्यतेल शुद्ध करणे, यांसाठी तो वापरतात. घरच्या वॉटर फिल्टरमध्येही तोच असतो. वनस्पती किंवा खनिजापासून केलेल्या अशा कोळशात शरीअतच्या दृष्टीने कोणतीही अडचण नाही.

हाडांचा कोळसा निराळा. गुरांची हाडे हवाबंद भट्टीत सुमारे 700 अंशांवर तापवून तो तयार होतो. त्यात कार्बन दहा टक्क्यांच्या आसपास, उरलेला मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. एकोणिसाव्या शतकापासून उसाच्या साखरेचा रंग काढण्यासाठी तो वापरात आला आणि अमेरिकेतील काही शुद्धीकरण कारखान्यांत आजही वापरला जातो. महाराष्ट्रातील बहुतांश साखर कारखाने मात्र रस चुना व गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात. त्या पद्धतीत हाडांच्या कोळशाची गरजच पडत नाही. संदेश पाठविणाऱ्याने एवढीही चौकशी केलेली नव्हती.

फुकहांचे मत

समजा, साखर खरोखरच हाडांच्या कोळशातून गाळली आहे. तेव्हा काय?

हनफी मतानुसार डुकराखेरीज इतर मृत जनावरांचे कोरडे, चरबीविरहित हाड मुळात नापाक नाही. शिवाय इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते वस्तूचे मूळ स्वरूपच पालटले, म्हणजे ‘इस्तिहाला’ झाला, तर तिचा हुकूमही पालटतो. मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेले गाढव आणि जळून राख झालेले शेण ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. हनफी फतवा याच मतावर आहे.

शाफई मत अधिक कडक आहे. शरीअतनुसार जबह न केलेल्या जनावराचे हाड नापाक आणि जाळल्यानेही ते पाक होत नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत; तेव्हा घाटावरचा हनफी आणि कोकणातला शाफई यांची उत्तरे येथे वेगळी येऊ शकतात. दोघांनीही परस्परांना दोष देऊ नये.

परंतु ही चर्चा खात्री असेल तेथली. केवळ संशय असेल तेथे दोन्ही मजहब एकच सांगतात : संशयाने खात्री नाहीशी होत नाही. सोळाव्या शतकातील मलबारचे शाफई विद्वान जैनुद्दीन (रह.) यांच्या ‘फत्हुल मुईन’मध्ये शामच्या चीजचे उदाहरण आहे. त्यात डुकराचा अंश असतो अशी बोलवा होती, तरी केवळ बोलवेवरून ते नापाक ठरविले गेले नाही. आदरणीय आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार, काही लोकांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचे नाव घेतले की नाही हे ठाऊक नसल्याचे सांगितले असता, प्रेषित (स.) यांनी स्वतः अल्लाहचे नाव घेऊन ते खाण्यास सांगितले (सहीह बुखारी).

एक सावधगिरी

याचा अर्थ कोळशातून गाळले की सारे पाक झाले, असा नव्हे. व्होडकासारखी मद्येही कोळशातून गाळतात. त्यातून अशुद्धी व वास जातो, नशा तशीच राहते. म्हणून हुकूमही तोच राहतो. दारूचा आपोआप सिरका होणे हा इस्तिहाला. दारूचा वास जाणे नव्हे.

मग आपण काय करावे?

सामान्य ग्राहकाने बाजारातील साखर निःशंक मनाने वापरावी. एखाद्या मालात हाडांचा कोळसा वापरल्याचे शाफई बंधूला खात्रीने कळले, तर त्याने तो टाळावा. मिठाई, सरबत वा बेकरीचा व्यवसाय करणाऱ्यांची जबाबदारी मात्र मोठी आहे. गाळणीतील कोळसा घटक म्हणून वेष्टनावर लिहिला जात नाही. त्यामुळे त्यांनी पुरवठादाराकडून तो कशाचा, हे लेखी विचारून घ्यावे. आणि आलेला संदेश पुढे पाठविण्याआधी ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे न लागण्याची आज्ञा (सूरह बनी इस्राईल, 36) प्रत्येकाने आठवावी.

त्या बंधूंच्या घरी ईदला शिरखुर्मा झाला. अल्लाह आपणास हलाल कमाई, शुद्ध अन्न आणि चौकशीचा विवेक देवो. आमीन.