स्क्रीनवर पट्टे, ठिपके, लुकलुक? नवीन मॉनिटर घेण्याआधी या ५ तपासण्या करा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा रोजचा खर्च कसा लिहायचा ते पाहिलं. आजचा धडा त्याच्याच पुढचा आहे: घाईत होणारा खर्च कसा थांबवायचा. उदाहरण घेऊ मॉनिटरचं, कारण त्यात मी स्वतः पैसे घालवून बसलो आहे.

दुकान टाकलं त्याचं पहिलंच वर्ष होतं. इथे कारंजा (घाडगे) मध्ये माझं झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान. कॉम्प्युटर एकच. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी चौकटी दिसायला लागल्या. मधेच अक्षरं फाटल्यासारखी व्हायची. समोर एक मुलगी वडिलांसोबत बसलेली, स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. वडील म्हणाले, "भाऊ, आजच होईन ना?" मी म्हटलं, "मॉनिटर गेला वाटते काका. नवीन आणतो, संध्याकाळी या."

शटर पाडलं, बस पकडली, ७०-८० किलोमीटरवर नागपूर गाठलं, ६,८०० रुपयांचा मॉनिटर घेऊन अंधार पडताना परत आलो. जोडला. त्याच चौकटी!

शेवटी गावातल्याच रिपेअरिंग करणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्याने एकच गोष्ट केली. स्क्रीनशॉट काढला आणि माझ्या मोबाईलवर पाठवला. मोबाईलमध्येही चौकटी! मोबाईलचा स्क्रीन तर चांगला होता ना? म्हणजे चित्र मॉनिटरवर जायच्या आधीच खराब होत होतं. त्याने कॅबिनेट उघडलं, रॅम काढून पुसली, दुसऱ्या खाचेत बसवली. काम झालं. घेतले १५० रुपये. मुलीचा फॉर्म भरला गेला, पण दुसऱ्या दुकानात. काका मला आजही रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात, कामाला मात्र तिकडेच जातात.

त्या दिवशी एक गोष्ट शिकलो: बिघाड जिथे दिसतो, तिथेच असतो असं नाही. मॉनिटर फक्त दाखवतो.

आधी साखळी समजून घ्या

चित्र तुमच्या डोळ्यांपर्यंत तीन टप्प्यांतून येतं. कॉम्प्युटर चित्र तयार करतो, केबल ते वाहून नेते, मॉनिटर ते दाखवतो. आणि या तिघांच्या मागे असते वीज. बिघाड या चारपैकी एका ठिकाणी आहे. आपलं काम दुरुस्ती करायचं नाही, फक्त ठिकाण शोधायचं आहे. ठिकाण कळलं की पैसे बरोबर जागी जातात.

एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबलही बदलली, ड्रायव्हरही टाकला आणि रीस्टार्टही केलं, तर नक्की कशाने बरं झालं ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तपासणी १: कुणी बटण तर दाबलं नाही?

हसू नका. ग्राहकासोबत आलेलं लहान पोरगं की-बोर्डवर हात मारतं आणि स्क्रीन उलटा होतो. काही कॉम्प्युटरवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबलं की असं होतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन ओरिएंटेशन लँडस्केप करा. सगळं एकदम मोठं दिसत असेल तर मॅग्निफायर चालू झालाय, विंडोज आणि एस्केप दाबा. सगळं पिवळट असेल तर नाइट लाइट बघा, काळं-पांढरं असेल तर कलर फिल्टर्स बघा. अक्षरं पुसट दिसत असतील तर डिस्प्ले रिझोल्यूशनसमोर जिथे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच निवडा. खर्च शून्य.

तपासणी २: स्क्रीनशॉट

स्क्रीनशॉट काढा आणि मोबाईलवर बघा. लक्षात घ्या, मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढायचा नाही, की-बोर्डवरून स्क्रीनशॉट घ्यायचा.

पट्टे स्क्रीनशॉटमध्येही आले, तर बिघाड कॉम्प्युटरमध्ये: ड्रायव्हर, रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा आत साचलेली उष्णता. रॅमचा संबंध काय, असं विचाराल. आपल्यासारख्या दुकानांत बहुतेक वेळा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. चित्रासाठी कॉम्प्युटर आपल्या रॅमचाच एक भाग वापरतो. रॅम ढिली, तर चित्रही बिघडू शकतं.

स्क्रीनशॉट स्वच्छ आला, तर संशय पुढे सरकतो: चित्र बाहेर पाठवणारं पोर्ट, केबल, मॉनिटर किंवा वीज.

तपासणी ३: मॉनिटरचा स्वतःचा मेनू

मॉनिटरच्या खाली किंवा मागे बटण असतं. दाबलं की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्टचा मेनू येतो. हा मेनू कॉम्प्युटर पाठवत नाही, मॉनिटर स्वतः तयार करतो. पट्टे मेनूवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्रच खराब, तर मॉनिटरला दोष द्यायची घाई करू नका.

तपासणी ४: केबल आणि घरचा टीव्ही

दोन्ही बाजूंनी केबल काढा, पिना बघा, परत नीट बसवा, स्क्रू घट्ट करा. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलला १५ पिनांची जागा असते आणि लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांतून येतात. त्यामुळे एक पिन वाकली तरी रंग बदलतो. निळा गेला तर स्क्रीन पिवळा, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळा, लाल गेला तर निळसर-हिरवा. एचडीएमआय केबल खराब असेल तर सहसा रंग असा बदलत नाही. पांढरे ठिपके चमकतात किंवा स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो.

दुसरा मॉनिटर नाही? घरचा टीव्ही आहे ना! एचडीएमआयने कॉम्प्युटर टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र चांगलं दिसलं, तर कॉम्प्युटर बऱ्यापैकी सुटला. लॅपटॉपच्या स्क्रीनला पट्टे असतील तरी हीच युक्ती.

तपासणी ५: बिघाड कधी सुरू होतो?

कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि नजर हटवू नका. कंपनीचा लोगो येतो तेव्हाच पट्टे आहेत? मग विंडोज निर्दोष, हार्डवेअर बघा. लोगो स्वच्छ आणि विंडोज आल्यावरच गडबड? मग ड्रायव्हरवर संशय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळा होईल, घाबरू नका. त्याने फरक पडला नाही तर सेफ मोडमध्ये बघा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा आणि स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जा. सेफ मोडमध्ये चित्र स्वच्छ असेल तर ड्रायव्हर काढून नवीन टाका.

काही ओळखीची लक्षणं

- वरपासून खालपर्यंत एकच बारीक रंगीत रेघ, कायम त्याच जागी: बहुतेक वेळा पॅनेल. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्ती सहसा परवडत नाही.
- व्हीजीएवर फिकट आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात: अर्थिंग तपासून घ्या.
- दोन सेकंद चित्र येतं आणि अंधार: स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. आत पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट किंवा त्याचा वीजपुरवठा गेलाय.
- सकाळी ठीक, दुपारी रंगीत चौकटी: उष्णता.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. दुकानावर टिनाचं छत, समोरून हायवेची धूळ, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं. मग पंखा गरम हवाच आत ओढतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. दर दोन महिन्यांनी कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून धूळ साफ करा. लाइन सारखी ये-जा करत असेल तर कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर घ्या.

आणि हो, मॉनिटर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ करंट राहतो. ते काम जाणकाराचं.

आता धंद्याचा हिशोब

त्या दिवशी माझे ६,८०० रुपये गेले असं मी बरीच वर्षं म्हणायचो. खरं तर मॉनिटर आजही चालतोय, तो पैसा वाया गेला नाही. गेला तो एक दिवसाचा गल्ला आणि एक घर. आणि ते घर गेलं ते मॉनिटरमुळे नाही. मी न तपासता ठामपणे सांगितलं, "मॉनिटर गेला", आणि शटर पाडलं, म्हणून गेलं.

म्हणून तीन सवयी लावा.

पहिली, एक जास्तीची केबल आणि एक जुना पण चालू मॉनिटर दुकानात ठेवा. सेकंड हँड चालेल.

दुसरी, एक वही करा. तारीख, काय दिसलं, काय बदललं, काय झालं, किती लागले. बिल आणि वॉरंटी कार्डही त्याच वहीत. वॉरंटी असताना कुणालाही मॉनिटर उघडू देऊ नका. वॉरंटी असून कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तिसरी, ग्राहकाला खरं सांगा. "दहा मिनिटं द्या, तपासतो. नाही झालं तर तुमचा फॉर्म कुठे भरून मिळेल ते मीच सांगतो." शेवटची तारीख असेल तर माणसाला थांबवून ठेवू नका.

हे फक्त छोट्या दुकानाचं नाही. १९ जुलै २०२४ आठवा. जगभर स्क्रीन निळे पडले. सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर अडकले, आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एकही मॉनिटर बिघडला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमध्ये चूक होती, आणि कितीतरी कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढल्यावरच सुरू झाले. पण ज्यांनी पेन-कागद काढला, त्यांचे प्रवासी निघाले. आपणही काउंटरवर फॉर्मची माहिती लिहून घ्यायची वही ठेवूच शकतो. स्क्रीन बंद पडला तरी काम सुरू आहे, हे ग्राहकाला दिसलं पाहिजे.

आजचा गृहपाठ

बिघाड होण्याची वाट बघू नका. आज दुकान बंद करण्याआधी मॉनिटरच्या मेनूचं बटण कुठे आहे ते शोधा, एक स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाठवा, आणि एकदा कॉम्प्युटर टीव्हीला जोडून बघा. वीस मिनिटं लागतील. पट्टे येतील तेव्हा समोर कुणीतरी शेवटच्या तारखेचा फॉर्म घेऊन बसलेलं असेल, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर वही सुरू करा!