गाडी ओढत नाही? आधी विचारा, ‘कधी?’
(विषय : सामान्य विज्ञान व तर्कविचार | इयत्ता 6 वी ते 8 वी)



आपल्या बीड जिल्ह्यात मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. शाळा, शेत, बाजार, दवाखाना, सगळं तिच्यावरच. त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलांना इंजिनाबद्दल भारी कुतूहल असतं. त्यात सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हापासून ट्रॅकवरच्या गाड्यांची चर्चा मधल्या सुट्टीतही ऐकू येते. या कुतूहलाचा आपण उपयोग करून घेऊ. आजचा पाठ असा : ट्रॅकवर पळणारी गाडी मध्येच ताकद का सोडते आणि त्याचं कारण कसं शोधायचं?

पाठाचं सूत्र एकच आहे. ‘काय बिघडलं?’ हे विचारण्याआधी ‘कधी बिघडतं?’ हे विचारायचं.

1) इंजिनाला काय काय लागतं?

फळ्यावर चार शब्द लिहा : पेट्रोल, हवा, ठिणगी, दाब. चारही योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी मिळाले तरच ताकद तयार होते. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त ‘खातं’. हे ऐकून मुलं चकित होतात.

आता एक गणित द्या. चार स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 9000 फेरे फिरतंय. दर दोन फेऱ्यांना एकदा ते हवा-पेट्रोल आत ओढतं. म्हणजे मिनिटाला 4500 वेळा आणि सेकंदाला 75 वेळा! प्रत्येक वेळी पेट्रोलचं माप बरोबर पडायला हवं.

2) घराजवळ ठीक, मग ट्रॅकवरच का बिघडते?

पुढचे आकडे आपण गणितासाठी धरून चालू. साधी गाडी ताशी 60 किमी वेगाने चालली आणि 60 चा ॲव्हरेज दिला, तर तासाला 1 लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण 17 मिली. ट्रॅकवर मोठी गाडी पूर्ण ॲक्सिलेटरवर तासाला 12 लिटर पितेय असं समजू. म्हणजे मिनिटाला 200 मिली. मागणी जवळजवळ बारापट झाली.

आता पेट्रोलच्या फिल्टरमध्ये कचरा अडकलाय आणि त्यातून मिनिटाला फक्त 100 मिली पेट्रोल जातंय. घरापुढे गाडी झकास चालू राहील. गावात फिरवली तरी काही कळणार नाही. पण ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर पहिले काही सेकंद पळेल आणि मग ढेपाळेल. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल संपत येतं आणि मागून तितकं पोचत नाही.

दोष आधीपासून होताच, मागणी वाढल्यावर तो उघडा पडला. मांजरसुंब्याच्या घाटात डबलसीट गाडी दम टाकते, ते असंच.

3) ‘कधी’ वरून ‘काय’ कडे

ही यादी चार्टवर लिहून वर्गात लावा.

- रेस वाढते, आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही : इंजिन ताकद देतंय, ती चाकापर्यंत पोचत नाही. क्लच प्लेट घसरत असेल. पेट्रोलच्या मागे लागू नका.
- रेस ठीक वाढते, पण गाडी जड वाटते आणि चाकाजवळ ब्रेक तापतो : ब्रेक चिकटतोय. चेनही फार ताणलेली नाही ना, ते बघा.
- ॲक्सिलेटर पूर्ण दिल्यावर काही वेळाने हळूहळू दम तुटतो, थोडा कमी केला की सावरते : पेट्रोल कमी पडतंय. झाकणाचं भोक, कॉकची जाळी, पाइप, फिल्टर, मेन जेट या क्रमाने बघा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा दाब मोजून घ्या.
- एकदम झटके मारते, मिसिंग करते : बहुधा ठिणगीचा दोष. प्लग, प्लगची कॅप, वायरचे जोड तपासा.
- सायलेन्सरमधून काळा धूर, प्लगवर कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा.
- फक्त वळणावर अडखळते आणि टाकीत पेट्रोल कमी आहे : वळताना पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. पेट्रोल भरून पुन्हा बघा.

प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय, काळा आणि तेलकट असेल तर इंजिनात ऑइल जळतंय.

4) वर्गात करायचा प्रयोग (फक्त पाण्याने!)

साहित्य : कडक प्लॅस्टिकची बाटली, दाभण, पाणी, वाटी.

कृती : बाटलीच्या बुडाजवळ दाभणाने बारीक भोक पाडा. बाटली पाण्याने भरून झाकण घट्ट लावा. थोडं पाणी पडेल आणि धार थांबेल. आता झाकण सैल करा. धार पुन्हा सुरू!

कारण : पाणी बाहेर गेलं, पण त्याच्या जागी हवा आत आली नाही. आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने पाणी अडवून धरलं.

मोटारसायकलच्या टाकीचंही असंच असतं. झाकणात हवेसाठी बारीक वाट असते. ती धुळीने बुजली की गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते. झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज येतो आणि गाडी परत सुरू होते. कित्येकदा यात कार्बोरेटर विनाकारण खोलला जातो.

पुढचा प्रश्न मुलांवर सोडा : बाटली काठोकाठ भरली तर धार लवकर थांबेल की अर्धी भरली तर? आधी अंदाज लिहायला सांगा आणि मगच करून बघा. (भरलेल्या बाटलीत लवकर थांबते, कारण वरची हवा थोडी असल्याने दाब झटकन उतरतो.)

सूचना : वर्गात पेट्रोल आणू नये. पूर्ण वेगाची चाचणी ट्रॅकवर, जाणत्या माणसानेच करायची असते, रस्त्यावर कधीच नाही. मुलांनी बंद गाडीवर फक्त भाग ओळखावेत.

5) एका वेळी एकच बदल

प्लग, फिल्टर आणि जेट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता? सांगता येणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हीचा खर्च. म्हणून एक गोष्ट बदला, तपासा, वहीत लिहा आणि मगच पुढची. आधी फुकटचं (झाकण सैल करणं), मग स्वस्त, शेवटी महाग. विज्ञानात याला चल नियंत्रण म्हणतात. शेतात एकाच सऱ्यात खत आणि बी दोन्ही बदललं तर फरक कशाने पडला हे जसं कळत नाही, तसंच हे.

6) उभी राहिलेली गाडी

आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. काहींची गाडी तोवर घरी झाकून ठेवलेली असते. इतके महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरचं बारीक जेट बुजतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळं होतं, आणि इंजिनाकडे पहिलं तेच जातं. गंमत बघा, यातलं काही इथेनॉल उसापासूनच होतं.

उपाय साधा आहे. जाताना कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल जाणत्या माणसाकडून काढून घ्या. आल्यावर जुनं पेट्रोल काढून नवीन भरा आणि मगच किक मारा.

7) आणि मुलांचं काय?

याच घरातलं लेकरू पाडव्यानंतर आपल्या वर्गात परत येतं. वाचताना अडखळतं. आपण पटकन म्हणतो, ‘कच्चं आहे.’ हे म्हणजे गाडी न बघताच ‘इंजिन गेलं’ म्हणण्यासारखं झालं.

इथेही विचारा, कधी अडखळतं? जोडाक्षर आल्यावर? ओळ लांब झाल्यावर? की सगळ्यांसमोर उभं केल्यावरच? जोडाक्षरावर अडत असेल तर तेवढाच सराव पुरेल. लांब ओळीवर दमत असेल तर सवय तुटली आहे, रोज दहा मिनिटं वाचन हवं. एकट्याने नीट वाचत असेल तर त्याला वाचता येतं, भीती वेगळी आहे. तिन्ही लेकरांना पहिलीची बाराखडी पुन्हा गिरवायला लावणं म्हणजे तीन भाग एकदम बदलण्यासारखं आहे. त्यात वेळ तर जातोच, शिवाय ‘मला येतच नाही’ असं लेकराच्या मनात पक्कं बसतं. गाडीचा सुटा भाग बाजारात मिळतो, गेलेला आत्मविश्वास मिळत नाही.

पालकहो, घरीही ‘अभ्यास का येत नाही?’ ऐवजी ‘कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं?’ असं विचारून बघा.

स्वाध्याय

1. 1 किमीचा सरळ पट्टा ताशी 200 किमी वेगाने पार करायला किती सेकंद लागतील? (उत्तर : 18)
2. गाडी सकाळी नीट चालते, पण 10 किमी गेल्यावर बंद पडते. पहिली, फुकटची चाचणी कोणती?
3. घरातली कोणतीही एक बिघडलेली वस्तू निवडा. ती ‘कधी’ बिघडते याच्या पाच नोंदी आठवडाभरात करा. कारणाचा अंदाज शेवटी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाच्या वह्या जरूर वाचा. कोणतं मूल नीट निरीक्षण करतं, ते त्यातून कळेल.