पाणचक्कीचा हौद आणि पाण्याची वाट

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जुनी पाणचक्की व तिचा विस्तीर्ण हौद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रचना टप्प्याटप्प्याने उभी राहिली. दर्ग्यातील फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी येथे धान्य दळले जात असे. बैल नाही, इंजिन नाही. केवळ पाण्याच्या जोरावर जाते फिरे.

या शहरात पाणी खेळविण्याची विद्या त्याहूनही जुनी होय. मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले व पुढे तेथे जमिनीखालून नहर आणली. त्याच्या मृत्यूनंतरही (१६२६) आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला मिळणारे पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून येथवर आणलेले आहे.

या योजनेतील मर्म समजून घेण्यासारखे आहे. उगम उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहते. वाट झाकलेली असल्यामुळे ते उन्हाने आटत नाही. बंद नळातील पाणी उगमाच्या पातळीच्या जवळपास पुन्हा वर चढू शकते. म्हणून शेवटी ते चुनेगच्ची भिंतीत उंच चढवून खाली सोडले आहे. खाली पडणाऱ्या पाण्याने पंख्यांचे चाक फिरते व त्याबरोबर जात्याचा वरचा दगड फिरतो. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्याने उन्हाळ्यात ते दालन थंड राहते. हौदातून ओसंडलेले पाणी नदीस मिळते. एकाच पाण्याकडून अशी अनेक कामे करून घेतली आहेत.

परंतु हौद कितीही भक्कम असला तरी त्याचा जीव उगमात व वाटेत असतो. शहर वाढले तसतशी नहरींच्या मार्गांवर बांधकामे झाली, नळ फुटले, गाळ साचला आणि अनेक नहरी निकामी झाल्या. हौद डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची निगा होते. जमिनीखालची वाट दिसत नाही, म्हणून तिचा विसर पडतो.

गावोगावच्या तळ्यांची, बंधाऱ्यांची व पाटांचीही हीच स्थिती आहे. म्हणून शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(१) तळ्यात पाणी आणणाऱ्या ओहळांची व पाटांची नोंद गावच्या नकाशावर करावी.

(२) पावसाळ्यापूर्वी पाणी येण्याची तोंडे व पाट यांतील गाळ काढावा. निघालेला गाळ योग्य असल्यास हलक्या जमिनीत पसरावा.

(३) पाण्याच्या वाटेवर बांधकाम किंवा खोदकाम होऊ देऊ नये.

(४) वरच्या उतारावर समपातळी बांध घालावेत व गवत राखावे, म्हणजे माती तळ्यात न येता शेतातच राहील.

तळे बांधणे हे एका पिढीचे काम. त्याची वाट मोकळी ठेवणे हे प्रत्येक पिढीचे काम होय.