पहिले साठ फूट

प्रश्न : टर्बो बसवलेल्या ड्रॅग गाड्यांचे व्हिडिओ मी आवडीने पाहतो. सुटण्याआधी गाडी जागेवरच उभी असते आणि इंजिनातून फटाक्यांची माळ लागल्यासारखे आवाज येत असतात. ते कशासाठी? आणि हजार अश्वशक्तीची गाडी कधी कधी नुसती चाकं फिरवत राहते, तिच्याहून कमी ताकदीची पुढे निघून जाते. असं का होतं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, पहिल्याचं उत्तर ओघात येईलच. पाव मैलाची म्हणजे ४०२ मीटरची ही शर्यत बरेचदा पहिल्या ६० फुटांतच ठरते. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर ६० फुटांची वेळ वेगळी नोंदतात ती त्यासाठीच. तिथे सेकंदाचा एक दशांश वाचला, तर शेवटच्या रेषेवर दीड ते दोन दशांश वाचतात असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आता हिशेब करा. १.२ सेकंदांत ६० फूट कापायचे, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपटीहून जास्त लागतं आणि त्या टोकाला वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात जातो. रस्त्यावरच्या चांगल्या टायरची पकड मात्र एकपटीच्या आसपासच संपते.

ही तफावत टायर आणि जमीन मिळून भरून काढतात. ड्रॅग स्लिक टायरला नक्षी नसते, रबर अतिशय मऊ असतं आणि हवा अगदी कमी भरलेली असते. गाडी सुटताना हळू केलेलं चित्रण मिळालं तर मागच्या टायरकडे जरूर पाहा. रिम आधी फिरते, जमिनीला टेकलेलं रबर मागे राहतं आणि टायरच्या बाजूला सुरकुत्या पडतात. इंजिनाचा पहिला हिसका त्या सुरकुत्यांत मुरतो. शर्यतीआधीचा बर्नआउट टायर तापवून स्वच्छ करण्यासाठी असतो, धुराची शोभा हा त्याचा उद्देश नव्हे. पट्टीवरही चिकट द्रव फवारलेला असतो आणि त्यावर रबराचा थर बसलेला असतो.

जोडीला वजन येतं. १४०० किलोची गाडी घ्या, निम्मं वजन पुढच्या चाकांवर. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन आसांतलं अंतर २.७ मीटर आणि त्वरण दुप्पट गुरुत्वाकर्षणाइतकं धरलं, तर सुमारे ५२० किलो भार पुढून मागे सरकतो. पुढे उरतात जेमतेम १८० किलो. हा भार किती वेगाने मागे जावा हे शॉक अॅबसॉर्बरच्या सेटिंगवर ठरतं. पुढचे शॉक फार सैल ठेवले तर नाक उसळतं, पुन्हा खाली आदळतं आणि नेमकी तेव्हाच मागची पकड सुटते.

आता आवाजाकडे येऊ. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसला तर गॅस पुरेसा नाही, म्हणून बूस्टही नाही, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाबही नाही. त्यासाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ट्रान्सब्रेक असतो. तो पहिला आणि रिव्हर्स गिअर एकाच वेळी गुंतवून गाडी जखडून ठेवतो. ड्रायव्हर थ्रॉटल पूर्ण दाबतो, इंजिन टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलाविरुद्ध जोर लावतं आणि टू-स्टेप लिमिटर मधल्या मधल्या ठिणग्या तोडून फेरे एका मर्यादेत अडवतो. शिवाय ठिणगी उशिराही पाडली जाते. मग काही मिश्रण सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जळतं. तुम्ही ऐकता ते हेच. त्या जळण्याने टर्बाइन वेग घेते आणि बूस्ट चढतो. ट्रान्सब्रेकचं बटण सोडलं की गाडी सुटते. मात्र हे फार लांबवता येत नाही, कन्व्हर्टरचं तेल भराभर तापतं.

ट्यूनरचं खरं कसब यापुढे लागतं आणि मला तरी या खेळातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. इंजिन जेवढं देऊ शकतं तेवढं पहिल्या सेकंदात चाकांना द्यायचंच नाही. जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वेस्टगेटवरचा दाब नियंत्रित करून बूस्ट कमी ठेवून सुटायचं आणि मग सेकंदागणिक किंवा गिअरागणिक तो चढवत न्यायचा. पण बूस्ट आळशी असतो, कमी करायला सांगितला तरी लगेच उतरत नाही. झटपट आवरायचं तर इग्निशन टायमिंग हाताशी असतं. ठिणगी काही अंश उशिरा पाडली की टॉर्क तत्क्षणी उतरतो.

टायमिंग कुठे कापायचं हे डेटा लॉगर सांगतो. ड्राइव्हशाफ्टच्या वेगाचा आलेख नितळ चढत गेला तर पकड टिकली. त्यात अचानक कुबड दिसलं तर चाक तिथे घसरलं. ट्यूनर तो क्षण पकडतो, समजा सुटल्यावर ०.४ सेकंदाला, आणि त्याच्या किंचित आधी टायमिंग दोन-तीन अंश कमी करतो. मात्र नेहमी ताकद कापूनच भागत नाही. टायर धड पकडतही नाही आणि धड सुटतही नाही, अशा अवस्थेत अख्खी गाडी थरथरते, इतकी की ड्रायव्हरला समोरचं धूसर दिसतं. त्यावर कधी कधी उपाय असतो ताकद वाढवण्याचा.

एक मात्र लक्षात ठेवा, एका पट्टीवरचं सेटिंग दुसरीवर चालेलच असं नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. विमानांसाठीच्या डांबरावर, रस्त्याच्या टायरवर, अमेरिकेतल्या चिकट पट्टीचा बूस्ट लावला तर चाकं जागेवरच फिरणार.

पुढच्या वेळी निकालाच्या चिठ्ठीतले दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. शेवटच्या रेषेवरचा वेग इंजिनाच्या ताकदीचा अंदाज देतो, एकूण वेळेत मात्र सुरुवातीचा मोठा वाटा असतो. हरलेल्या गाडीचा वेग जास्त आणि वेळही जास्त असेल, तर ती बहुधा पहिल्या ६० फुटांत हरली. तिथली वेळ त्याच चिठ्ठीवर वरच्या बाजूला छापलेली असते.