पान्याने सुटतं ते

बाबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा कराडला जावं लागतं. गाव २२ किलोमीटरवर. चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाला वडापमध्ये कोंबून आणवत नाही, म्हणून दर खेपेला रिक्षा सांगायची. जाऊन-येऊन ७०० रुपये. अशात ओळखीतल्या एकांनी जुनी वॅगन आर विकायला काढल्याचं कळलं. २०११ सालची, पेट्रोल, मागणी ९५ हजार. मालक म्हणाले, "थोडं काम आहे, बाकी गाडी फर्स्ट क्लास."

थोडं म्हणजे किती, हे विचारायला मी मामांकडे गेले. मामांनी कराडात ३४ वर्षं गॅरेज चालवलं. आता मुलगा बघतो, मामा बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूनच तिचं दुखणं सांगतात.

मी किंमत सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "किंमत शेवटी. गाडी कशाला पाहिजे ते सांग."

"बाबांना न्यायला."

"म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला. सकाळी सातला चावी फिरवली आणि नुसतं खर्रर्र झालं तर चालायचं नाही. कॉलेजच्या पोराला मी बिनधास्त सांगतो, घे जुनी, रस्त्यात बंद पडली तर दोन गोष्टी शिकशील. तुला ती मुभा नाही. रिक्षाला महिन्याचे किती जातात?"

"नऊ खेपा धरल्या तर ६३००."

"आता गाडीचं बघ. खेपेला ४४ किलोमीटर, नऊ खेपांचे ४०० धर. या वयाची गाडी १५ चं ॲव्हरेज देईल. २७ लिटर पेट्रोल, १०५ च्या भावाने २८०० च्या आसपास."

"म्हणजे साडेतीन हजार वाचले!"

"थांब की. विमा आहे, सर्व्हिस आहे, टायर झिजतात, मध्येच काहीतरी निघतं. १४-१५ वर्षांच्या गाडीला वर्षाचे २५ हजार बाजूला काढून ठेवायचेच. महिन्याला दोन हजार. राहिले दीड. आणि गाडीत घातलेले पैसे त्या दीड हजाराने कधी फिटायचे ते तूच सांग."

मी गप्प झाले. हिशोब मी घरी केला होता, पण त्यात फक्त पेट्रोल होतं.

"पैसे वाचवायला घेत असशील तर घेऊ नको," मामा म्हणाले. "पण मला दुसरं सांग. रात्री दोनला बाबांना धाप लागली, तर रिक्षावाला उठतो का?"

"मागच्या महिन्यात नाही उठला."

"मग त्यासाठी घे. फक्त हे मनात पक्कं ठेव, नाहीतर चुकीची गाडी घेशील. बरं, थोडं काम म्हणजे काय काय म्हणाला?"

मी चिठ्ठी काढली. क्लच जड लागतो, खड्ड्यात पुढून खडखड येते, टायर गुळगुळीत झालेत, बॅटरी उतरते, एसी थंड करत नाही.

मामांचा चेहरा खुलला. "अगं, ही सगळी पान्याने सुटणारी कामं. नट खोलला, जुना भाग काढला, नवा बसवला, संपलं. वॅगन आरचा माल कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो. मारुती ८०० ची बांधणी २०१४ मध्ये थांबली, तरी तिचे भाग आज मिळतात. ज्या कंपन्यांनी इथलं दुकानच बंद केलं त्यांच्या गाड्या याहून स्वस्त मिळतील तुला. दिसायला देखण्या असतात, पण एका भागासाठी आठ-आठ दिवस जॅकवर उभ्या राहतात. तिकडे वळू नको."

मग त्यांनी बोटांवर मोजत भाव सांगितले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी मिळून साडेसहा हजार. चार टायर १२ हजार. पुढचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड नऊ हजार. बॅटरी चार. घेतल्या घेतल्या ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट बदलायचं, ते चार. एसी उन्हाळ्यापर्यंत थांबेल. बेरीज मी केली, ३५,५००.

"टायरचं सांगतो. नक्षी चांगली दिसली तरी कडेला बघ, लांबट खिडकीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालातला २३ वा आठवडा. रबर म्हातारं झालं की न झिजताही तडकतं."

"आणि इंजिन?"

"इंजिनही पान्यानेच सुटतं. पण रिंगा-बेअरिंगचं काम निघालं तर ४० हजारांच्या आत भागत नाही. ९५ हजारांच्या गाडीत ते घालायचं नाही. म्हणून इंजिन आधी ऐकायचं, आणि थंड असताना ऐकायचं. सकाळी जा, सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, त्याने आधीच चालू करून ठेवलीय. तापलेलं इंजिन अर्धी दुखणी लपवतं. थंड गाडी चालू करताना मागे उभी राहा आणि धूर बघ. निळसर असेल तर ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलं. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते बहुतेक वेळा स्वस्तात निघतं. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ दिसतेच, तिला घाबरू नको. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट बघावं लागेल. ऑइलचं झाकण उघड. आतून चहावरच्या सायीसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असेल. अशा वेळी मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"टायमिंग बेल्ट बदलावा लागतो म्हणे?"

"२०१० मध्ये वॅगन आरला नवं इंजिन आलं, त्याला चेन आहे. बेल्ट असलेल्या गाडीत तो कधी बदलला हे माहीत नसेल तर पहिल्या दिवशी बदलायचा. तो तुटला की काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. चेनला ती भीती कमी, फक्त सुरू करताना साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का ते ऐक."

"मग पान्याने न सुटणारं काय?"

"पत्रा, पाणी आणि कागद."

हे तीन शब्द मामा इतक्या सावकाश म्हणाले की मी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतले.

"जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा कुजला तर बदलता येतो. छोट्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा डबा हीच तिची चासी. तो डबा गंजला की गाडी गेली, मग इंजिन कितीही गोड वाजू दे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गाड्या येतात आमच्याकडे, एमएच ०८, ०७. खारा वारा आणि तिकडचा पाऊस, त्यात उघड्यावर उभी असलेली गाडी खालून पोखरत जाते. वरून रंग नवा मारलेला असतो. पायाखालचं मॅटिंग उचलून बघ. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरव. बॉनेट उघडून शॉकअप वर जिथे बसतो तिथला पत्रा बघ. रंगाखाली फोड दिसला तर आत गंज आहेच. पत्र्यावर टकटक कर. टणटण वाजला तर पत्रा, भरीव धप्प वाजला तर आत लांबी भरलीय. दारावर थोडी लांबी चालते, गाड्या घासतातच. पिलरवर नको. पिलरला लांबी म्हणजे गाडी मोठा मार खाऊन आलीय."

"कागद मी बघितले, मामा. आरसी आहे, विमा आहे."

"आरसीची मुदत कधीपर्यंत?"

"मार्च २०२६."

"म्हणजे चार महिन्यांत १५ वर्षं पुरी होतात. मग आरटीओत गाडी नेऊन तपासून घ्यायची, पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी. त्याची फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली. वर पर्यावरण कर. विमा संपला असेल तर निदान थर्ड पार्टी काढावाच लागतो. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर २०९४ रुपये आणि त्यावर जीएसटी. नावावर करण्याचा खर्च, एजंटाचे पैसे, नवी नंबर प्लेट. सगळे मिळून १५ हजार धर. मालक नेमका आता का विकतोय ते कळलं का? ही उस्तवार त्याला करायची नाही. तो काही लबाड माणूस ठरत नाही त्याने, पण तेवढे पैसे किमतीतून कमी व्हायला पाहिजेत."

९५ हजार, ३५,५०० आणि १५ हजार. गाडी दीड लाखाला टेकली. ९५ हजार या आकड्याला मी आठवडाभर धरून बसले होते.

"आणि बोजा बघ," मामा म्हणाले. "कर्ज फिटलं तरी आरसीवरून बँकेचं नाव काढायचं लोक विसरतात. सरकारच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसतं. थकलेली चलनंही बघून घे. फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ओळखीतला आहे म्हणून तर मुळीच नाही. दिल्लीच्या गाड्याही फिरतात बाजारात, तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातल्यापासून स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिकडची एनओसी लागते आणि इथला कर नव्याने भरावा लागतो. ही तर इथलीच ना?"

"इथलीच. सांगलीचं पासिंग, एमएच १०. हे दुसरे मालक, त्यांनी नोव्हेंबर २०१९ ला घेतली."

मामा काही बोलले नाहीत. आतून मुलाने ग्राइंडर लावला होता, तो थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

"सांगलीत शहरात होती का ती?"

"माहीत नाही. का?"

"२०१९ चा ऑगस्ट विसरलीस? आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गल्ल्यागल्ल्यांतून गाड्या बुडालेल्या. पाणी ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. मी स्वतः काही साफ केल्यात, आणि प्रत्येक मालकाला सांगितलंय की विकताना खरं सांग. किती जणांनी सांगितलं असेल कुणास ठाऊक."

"पण मामा, बुडाली असली तरी नंतर सहा वर्षं चालली की."

"चालली असेल. पुराचं पाणी साधं नसतं, बारीक गाळ घेऊन येतं. तो वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बसतो आणि आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. आज एक सेन्सर जातो, सहा महिन्यांनी पेट्रोलचा पंप, मग पॉवर विंडो. कशाने बंद पडली ते दोन दिवस सापडत नाही आणि तिसऱ्या दिवशी ती आपोआप चालू होते. गावात फिरायला असली गाडी चालेल. सातच्या डायलिसिसला नाही."

"ओळखायचं कसं?"

"धुणारा माणूस डोळ्याला दिसतं तेवढं धुतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. रोजच्या वापरात बाहेर न येणारा तुकडा असतो, त्यावर पाण्याची रेघ राहते. सीटखालचे रूळ आणि बोल्ट बघायचे, एरवी तिथे गंज यायचं कारण नाही. डिक्कीत स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात घालायचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून जुनी नोंद मिळते का बघ, कुठल्या महिन्यात खंड पडलाय तेही कळेल. उद्या मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पोचलो. बॉनेट गार होतं. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, धूर नाही, खुळखुळ नाही. पिलर टणटणीत वाजले. मालकांनी चहा मांडला होता. माझ्या मनात गाडी अंगणात येऊन उभीसुद्धा राहिली होती.

मी ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. स्वच्छ होता, कुठे रेघ नाही. मी आनंदाने मामांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पट्ट्याच्या बुडाशी शिवलेलं लेबल हातात धरलं आणि मला वाचायला दिलं. गाडी २०११ ची. पट्टा २०१९ चा.

मामांनी डिक्की उघडली, स्टेपनी उचलली आणि खड्ड्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवून वर काढलं. बोटावर पिठासारखी बारीक, राखाडी माती होती.

"पूर?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज खरंच उतरला होता. त्यांनाही कुणी सांगितलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मामांनी त्यांना खाली बसवून कुठले कनेक्टर उघडून साफ करून घ्यायचे ते समजावलं, पैसे न घेता, चांगला अर्धा तास.

परत येताना मी मामांना विचारलं, "दुसरी कुठे बघू?"

"बघू. एका माणसाच्या हाताखालची, दीड लाखाच्या आतली मिळाली तर तीच घेऊ. टायर गेलेले असले तरी चालतील."

गुरुवारी डायलिसिस होतं. मी रिक्षावाल्याला फोन करून सातची वेळ सांगितली.