स्वर विझताना

मॉड्युलर सिंथेसायझरकडे वळणारा माणूस आधी ऑसिलेटर आणि फिल्टरच्या प्रेमात पडतो. माझा जीव मात्र लोपास गेटमध्ये अडकला. त्याच्याबरोबर जागवलेल्या रात्रींतून जे हाती लागलं, ते लिहून ठेवतोय.

१. तार छेडली की आवाजाची चकाकी आधी जाते. वरचे उपस्वर लवकर विरतात, मूळ स्वर मागे रेंगाळतो. साध्या व्हीसीएत, म्हणजे व्होल्टेजने आवाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या अँप्लिफायरमध्ये, हे घडत नाही. तिथे सगळं सारख्याच मापाने उतरतं, कुणी रेडिओचं बटण फिरवल्यासारखं. लोपास गेट आवाज आणि चकाकी दोन्ही एकदम उतरवतं. बर्कलीच्या डॉन बुकला यांनी २०० मालिकेतल्या २९२ क्रमांकाच्या मॉड्यूलमध्ये हे साधलं. त्यातून निघणाऱ्या लाकडी ठोक्याला आजही ‘बुकला बोंगो’ म्हणतात. हा ठोका पहिल्यांदा ऐकला, तेव्हा समोर खरंच काहीतरी पोकळ वस्तू ठेवली आहे असं वाटलं होतं.

२. सगळी करामत व्हॅक्ट्रोलची. बंद काळ्या डबीत एका बाजूला एलईडी, समोर कॅडमियम सल्फाइडचा एलडीआर. व्होल्टेज आलं की दिवा लागतो, एलडीआरचा रोध घटतो आणि स्वराला वाट मिळते. दिवा विझतो क्षणात, पण एलडीआर सावकाश सावरतो. व्हीटीएल५सी३ या व्हॅक्ट्रोलला उघडायला साधारण २.५ मिलिसेकंद लागतात, मिटायला त्याच्या कितीतरी पट, आणि शेवटची शेपूट तर लांबतच जाते. म्हणून स्वराचा चढ-उतार आखणारा वेगळा एन्व्हलप लागत नाही. क्लॉकची एक बारीक टिचकी पुरते.

३. एकदा व्हॅक्ट्रोल घरीच करायला घेतला. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर धरले, वरून काळी श्रिंक स्लीव्ह चढवली, बोर्डावर सोल्डर केला. गेट काही मिटेना. टिचकी संपली तरी मागे मंद घरघर चालूच. दोन रात्री सर्किट तपासलं, ऑप-अँप बदलला. तिसऱ्या रात्री एक वायर काढायला टेबलावर वाकलो, बोर्डावर हाताची सावली पडली आणि घरघर थांबली. हात मागे घेतला, पुन्हा सुरू. स्लीव्हच्या टोकाशी, एलडीआरच्या दोन पायांमधून, टेबललॅम्पचा उजेड आत जात होता. फट बुजवण्याआधी कितीतरी वेळ मी नुसती सावली हलवत तो स्वर उघडत-मिटत बसलो. प्रकाशाने स्वर घडतो हे तोवर वाचलं होतं, त्या रात्री हाताला कळलं.

४. साईन लहर देऊन हिरमुसू नका. तिच्यात उपस्वरच नाहीत, तर गेट काय झडवणार? लहर आधी दुमडून घ्या, निदान करवती लहर तरी द्या.

५. टिचकीची लांबी हाच हाताचा जोर. पल्स आखूड असेल तर दिवा पुरता उजळायच्या आत विझतो आणि ठोका दबका येतो. थोडी लांबवली की तोच ठोका खणखणीत. आणि भराभर टिचक्या दिल्या तर आधीच्या ठोक्याची शेपूट संपायच्या आत पुढचा येतो, त्यामुळे तो जास्त उघडा ऐकू येतो. सारख्या आठ टिचक्यांमधून सारखे आठ ठोके निघत नाहीत. मला हे सगळ्यात प्रिय आहे.

६. दोन व्हॅक्ट्रोल सारखे नसतात. एका मॉड्यूलची दुसरी वाहिनी उशिरा मिटायची, म्हणून मी ते परत पाठवायला निघालो होतो. आता खालचे स्वर मुद्दाम तिच्यातूनच घेतो.

७. तंबोऱ्याची जवारी लोपास गेटच्या अगदी उलट वागते. घोडीवर तारेखाली दोरा नेमका बसला, की वरचे उपस्वर मरायचे थांबतात, उलट फुलत राहतात. मागे एकदा घरच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण मी लोपास गेटमधून सोडलं आणि हळूहळू मिटू दिलं. आधी झंकार गेला, मग धार, आणि शेवटी जी तार उरली ती दोरा काढून घेतल्यावर बोलते तशी बोलत होती.